फेरपरीक्षेचे गुण : वाढ खरी कीं योगायोगाची ?

(नभोवाणीवरील भाषण)



परीक्षेशीं माझा संबंध जन्माचा आहे. मॅट्रिक आणि त्यानंतरचा अध्यापनाचा वर्ग, एवढ्यावर माझ्या स्वतःच्या परीक्षा संपल्या. परंतु दुसऱ्यांच्या परीक्षा घेण्यांत मीं छत्तीस वर्षें घालविलीं. उत्तरपत्रिका तपासावयाच्या, गुणांची बेरीज करावयाची, सरासरी काढावयाची आणि तो आंकडा लिहून वही कपाटांत ठेवावयाची, हा क्रम इतका अंगवळणीं पडला होता कीं, ते आंकडे आपल्याला कांहीं सांगत आहेत काय, हें विचारण्याचें भान मला राहिलें नाहीं. त्या बेफिकिरीमुळें एकदां माझ्या हातून एका सहकारी शिक्षिकेवर अन्याय झाला. एकाच मुलाचे दोन परीक्षांतील गुण पडताळून कसे पहावे, हा आजचा विषय रुक्ष गणिताचा दिसत असला, तरी मला तो बोलण्यास लावणारा हा अन्यायच आहे. म्हणून आधीं ती हकीकत सांगतों.

मी त्या वेळीं एका खेडेगांवच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतों. सातवीच्या वर्गांत अवघीं दहा मुलें. अंकगणिताच्या चांचणींत शंभरांपैकीं त्यांची सरासरी पंचेचाळीस आली. शाळेंत नुकत्याच आलेल्या एका बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, शाळा भरण्यापूर्वीं रोज तासभर मी या मुलांकडून तोंडी हिशेब करून घेतें. चार आठवडे पाहूं या." मीं होकार दिला. चार आठवड्यांनीं तितक्याच गुणांची दुसरी चांचणी घेतली. सरासरी एकूणपन्नास आली. पुढें पालकांच्या सभेंत हा विषय निघाला. सकाळच्या प्रहरीं पाणी भरणें, गुरें सोडणें हीं कामें मुलांकडे असतात. तेव्हां हा तास चालू ठेवावयाचा तर त्याचा कांहीं उपयोग आहे काय, असा पालकांचा प्रश्न होता. मीं उभें राहून निकाल दिला : "या वर्गांत बावीस गुणांचा मुलगा आहे आणि सत्तर गुणांचाहि आहे. जेथें मुलांमुलांत एवढें अंतर, तेथें सरासरी चार गुणांनीं इकडची तिकडे झाली, तर तिला महत्त्व कसलें ? तो योगायोग आहे." तास बंद झाला. बाई सभेंत कांहीं बोलल्या नाहींत. बाहेर पडतांना मात्र एवढेंच म्हणाल्या, "गुरुजी, वर्गाच्या सरासरीकडे नका पाहूं, एकेका पोराकडे पहा." बाई मायेपोटीं बोलत आहेत, असें मला वाटलें.

सेवानिवृत्त झाल्यावर, संख्याशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीनें अभ्यासाकरितां कांहीं खरे आंकडे मजजवळ मागितले. मीं ती जुनी वही तिच्या हातीं दिली. तिनें दोन्ही चांचण्यांच्या गुणांशेजारीं वजाबाकीचा एक नवा रकाना आंखला, आणि पांच मिनिटांत माझा भर सभेंतला निकाल खोटा पडला. तो कसा, तें आतां पाहूं. ज्यांच्या हाताशीं कागद-पेन्सिल असेल, त्यांनीं हे आंकडे अवश्य लिहून घ्यावे.

पहिल्या चांचणीचे गुण : २२, २८, ३५, ३८, ४१, ४६, ५०, ५७, ६३, ७०.

त्याच मुलांचे, त्याच क्रमानें, दुसऱ्या चांचणीचे गुण : २९, ३१, ४४, ३९, ४६, ४५, ५७, ६२, ६४, ७३.

आतां प्रत्येकाच्या दुसऱ्या गुणांतून पहिले गुण वजा करा. फरक येतात ते असे : ७, ३, ९, १, ५, उणे १, ७, ५, १, ३. बेरीज चाळीस, सरासरी चार. सरासरी तीच निघाली; पण चित्र मात्र पालटलें. दहांपैकीं नऊ मुलें वर चढलीं आहेत, एकच मुलगा खालीं आला आहे, आणि तोहि एकाच गुणानें.

माझी चूक कोठें झाली ? गुणांत दोन प्रकारचा चढउतार असतो. एक मुलामुलांतला : कोणी मुळांत हुषार, कोणी मागें पडलेला, कोणाच्या घरीं शिकविणारें माणूस आहे, कोणाच्या नाहीं. दुसरा एकाच मुलाच्या दोन परीक्षांतला. आपल्याला तपासावयाचा होता तो दुसरा. मीं मात्र तो पहिल्याच्या मापानें मोजला. बाजारांतलें उदाहरण घ्या. दोन तराजूंपैकीं एक किंचित् जड दाखवितो, असा संशय आहे. एका तराजूवर दहा पोतीं तोललीं आणि दुसऱ्यावर निराळींच दहा पोतीं तोललीं, तर पोत्यापोत्यांतल्या फरकांत तराजूचा दोष बुडून जाईल. शहाणा व्यापारी तींच दहा पोतीं दोन्हीं तराजूंवर घालील आणि प्रत्येक पोत्याच्या दोन वजनांची वजाबाकी करील. पोतें लहान आहे कीं मोठें, हा प्रश्नच मग उरत नाहीं. तें दोन्हींकडे तेंच आहे. संख्याशास्त्रांत यालाच जोडीची कसोटी म्हणतात. प्रत्येक मूल हें स्वतःशींच ताडून पहावयाचें, शेजाऱ्याशीं नव्हे.

परंतु नऊ मुलें चढलीं एवढ्यावरून वाढ खरी, असें लगेच म्हणतां येईल काय ? तेंहि योगायोगानें घडूं शकेल. येथें संख्याशास्त्राची रीत न्यायालयासारखी आहे. प्रथम आरोपी निर्दोष आहे असें धरावयाचें. आपणहि धरूं कीं, दोन चांचण्यांच्या दरम्यान मुळींच कांहीं फरक पडला नाहीं. यास शून्य गृहीतक असें नांव आहे. तें खरें असेल, तर एखादें मूल वर जाणें किंवा खालीं येणें हें नाणें उडविण्यासारखें होईल. छाप किंवा कांटा, दोन्हींचा संभव सारखाच. दहा नाणीं उडविलीं तर एकंदर १०२४ प्रकारचे निकाल संभवतात. त्यांपैकीं दहाहि छाप पडण्याचा प्रकार एक, आणि नऊ छाप पडण्याचे प्रकार दहा, मिळून अकरा. तितकेच एकतर्फी निकाल कांट्याच्या बाजूनेंहि येऊं शकतात, म्हणून अकरा अधिक अकरा, बावीस. १०२४ मध्यें २२ म्हणजे शंभरांत सुमारें दोन. केवळ योगायोगानें इतका एकतर्फी निकाल शंभरांत दोनच वेळां लागावयाचा. ही रीत जुनी आहे. डॉक्टर जॉन आर्बथनॉट यांनीं १७१० सालीं लंडनमधील ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी अशाच तऱ्हेनें तपासल्या होत्या. दर वर्षीं मुलग्यांची संख्या मुलींहून अधिक होती. नाणें ८२ वेळां लागोपाठ छापच कसें पडेल, असा त्यांचा प्रश्न होता.

या रीतींत एक उणीव आहे. नऊ गुणांची वाढ आणि एका गुणाची वाढ हीं दोन्हीं तिच्या लेखीं सारखींच. वाढ किती, हेंहि हिशेबांत घेणारी कसोटी विल्यम सीली गॉसेट या गृहस्थांनीं शोधून काढली. ते डब्लिन येथील गिनेस कंपनीच्या दारूच्या कारखान्यांत १८९९ पासून नोकरीस होते. कारखान्यांतील प्रयोगांत नमुने थोडे, पण निर्णय तर घ्यावयाचा, अशी त्यांची अडचण होती. आमच्या दहा मुलांच्या वर्गाची अडचण तीच. त्यांचा सुप्रसिद्ध निबंध १९०८ सालीं 'बायोमेट्रिका' या नियतकालिकांत आला, तो 'स्टुडंट' म्हणजे 'विद्यार्थी' या टोपणनांवानें. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास साठी उलटल्यावर एका विद्यार्थ्यानें शिकवावें, यांत मला तरी कमीपणा वाटत नाहीं. त्या निबंधांतील एक उदाहरण जोडीचेंच आहे. दहा रुग्णांस झोपेचीं दोन निरनिराळीं औषधें देऊन प्रत्येकाची झोप किती वाढली तें पाहिलें होतें. नऊ जणांस दुसऱ्या औषधानें अधिक झोप लागली, एकास दोन्हींचा परिणाम सारखाच झाला. फरकाची सरासरी १.५८ तास आली. गॉसेट यांच्या रीतीस आज जें रूप आहे, तें पुढें रोनाल्ड फिशर यांनीं दिलें.

ती रीत आपल्या आंकड्यांवर चालवूं. सातवी शिकलेल्या माणसास ती जमावी. फरकांची सरासरी चार. प्रत्येक फरक त्या सरासरीपासून किती दूर आहे तें काढा : ३, उणे १, ५, उणे ३, १, उणे ५, ३, १, उणे ३, उणे १. यांचे वर्ग करून मिळवा. बेरीज नव्वद येते. तिला नवांनीं भागा. दहांनीं कां नाहीं ? कारण या दहा अंतरांची बेरीज नेहमीं शून्यच असते. नऊ कळलीं कीं दहावें आपोआप ठरतें, म्हणून स्वतंत्र आंकडे नऊच. भागाकार दहा. हा झाला फरकांचा पसारा. आतां दहा मुलांची सरासरी एकट्यादुकट्या मुलापेक्षां स्थिर असते, म्हणून या दहास मुलांच्या संख्येनें, म्हणजे पुन्हां दहांनीं भागा; आला एक, आणि एकाचें वर्गमूळ एक. याचा अर्थ, आपली चार गुणांची सरासरी वाढ नुसत्या योगायोगानें साधारण एक गुण मागेंपुढें होऊं शकेल. वाढ चार, डळमळ एक, भागाकार चार. या भागाकारास टी म्हणतात. नऊ स्वतंत्र आंकड्यांसाठीं कोष्टकांत २.२६ ही मर्यादा दिलेली आहे. फरक मुळींच पडलेला नसतां टी या मर्यादेच्या बाहेर शंभरांत पांचच वेळां जातो. आमचा टी चार आहे. इतका मोठा टी योगायोगानें हजारांत सुमारें तीन वेळां यावयाचा.

आणि मीं सभेंत केलेला हिशेब ? मुलांच्या जोड्या मोडून, जणूं पहिले दहा निराळे आणि दुसरे दहा निराळे, असें मानलें तर तीच डळमळ सुमारें ६.७ गुणांची निघते. चारास ६.७ नें भागिलें तर उत्तर ०.६, त्याला खरोखरच कोणी विचारणार नाहीं. आंकडे तेच, मुलें तींच. एका हिशेबांत निकाल लखलखीत दिसतो, दुसऱ्यांत दिसेनासा होतो. बाई म्हणाल्या होत्या, एकेका पोराकडे पहा. जोडीच्या कसोटीचें सगळें मर्म त्या एका वाक्यांत होतें, आणि त्यांनीं तें पुस्तकाशिवाय ओळखलें होतें.

येथें थांबलों तर मात्र मी दुसऱ्या बाजूनें चुकेन. ही कसोटी काय सांगत नाहीं, हेंहि समजून घेतलें पाहिजे.

पहिली गोष्ट. हजारांत तीन हा 'बाईंचा तास निरुपयोगी असण्याचा' संभव नव्हे. फरक मुळींच नाहीं असें धरलें, तर इतके किंवा याहूनहि एकतर्फी आंकडे येण्याचा तो संभव आहे. दोन्ही वाक्यें कानाला सारखीं लागतात, अर्थानें तीं निराळीं आहेत. तसेंच, टी लहान आला म्हणजे फरक नाहीं असें सिद्ध होत नाहीं. कदाचित् मुलें थोडीं असल्यामुळें तो दिसला नसेल. 'दिसलें नाहीं' आणि 'नाहीं' यांत अंतर आहे, आणि सभेंत मीं नेमकें तेंच पुसून टाकलें होतें.

दुसरी गोष्ट वाढीच्या आकाराची. चार गुणांस दोन्हींकडे २.२६ ची मोकळीक दिली, तर खरी सरासरी वाढ पावणेदोन गुणांपासून सव्वासहा गुणांपर्यंत कोठेंहि असूं शकेल, एवढेंच हे दहा आंकडे सांगतात. वाढ खरी असणें आणि ती पुरेशी असणें या भिन्न गोष्टी आहेत. पावणेदोन गुणांसाठीं मुलांची रोजची सकाळ खर्ची घालावी काय, हा पालकांचा प्रश्न रास्तच होता. त्याचें उत्तर कोष्टकांत मिळत नाहीं.

तिसरी गोष्ट फेरपरीक्षा घेणाऱ्या प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. समजा, पस्तिसांहून कमी गुण मिळालेल्या मुलांचीच आपण फेरपरीक्षा घेतली. त्यांचे गुण बहुधा वाढतील, आणि मधल्या काळांत कोणीं कांहीं शिकविलें नसलें तरीहि वाढतील. कारण कमी गुणांत कांहीं भाग अज्ञानाचा असतो, तसा कांहीं दुर्दैवाचा असतो : त्या दिवशीं ताप होता, एखादा प्रश्न चुकीचा वाचला. अज्ञान दुसऱ्या दिवशींहि बरोबर येतें. दुर्दैव दर वेळीं येतेंच असें नाहीं. फ्रान्सिस गॉल्टन यांनीं १८८६ सालीं आईबापांच्या व मुलांच्या उंचीचीं मापें ताडून दाखविलें कीं, फार उंच आईबापांचीं मुलें सरासरीनें त्यांच्याइतकीं उंच नसतात. तीं मध्याकडे सरकतात. परीक्षेंतहि असेंच होतें. म्हणून नापासांच्या फेरपरीक्षेवरून आपल्या शिकविण्याची पाठ थोपटून घेऊं नये. आमच्या बाबतींत सबंध वर्गच दोन्ही वेळां बसला होता, त्यामुळें हा आक्षेप येत नाहीं. परंतु दुसऱ्या चांचणीला कांहीं दुबळीं मुलें गैरहजर राहिलीं असतीं आणि मीं नुसत्या सरासऱ्या ताडल्या असत्या, तर तीहि फसवणूकच झाली असती. ज्याचे दोन्ही गुण आहेत त्याचीच जोडी धरावी, आणि जे गळाले ते कोण, हें आवर्जून पहावें.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. वाढ झाली हें खरें, पण ती कशामुळें ? दुसरी प्रश्नपत्रिका मीच काढली होती. ती पहिलीपेक्षां किंचित् सोपी नव्हती, असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. शिवाय त्या चार आठवड्यांत वर्गांतलें नेहमींचें शिकविणेंहि चालूच होतें. पहिल्या अडचणीवर उपाय सोपा आहे : दोन्ही पत्रिका आधींच काढून ठेवाव्या, निम्म्या मुलांस पहिली आधीं व दुसरी नंतर द्यावी, उरलेल्यांस उलट क्रमानें. दुसऱ्या अडचणीसाठीं जवळजवळ सारख्या गुणांच्या मुलांच्या जोड्या लावाव्या आणि प्रत्येक जोडींतल्या कोणास जादा तास मिळावयाचा, तें नाणें उडवून ठरवावें. नाणेंच उडवावें, मास्तरांच्या मनावर सोंपवूं नये.

हें शेवटचें वाक्य मी उगीच सांगत नाहीं. स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर परगण्यांत १९३० सालीं वीस हजार शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. दहा हजारांस चार महिने रोज पाऊण पाइंट दूध दिलें, दहा हजारांस दिलें नाहीं, आणि सर्वांचीं वजनें व उंची आधीं-नंतर मोजलीं. निवड चिठ्ठ्यांनीं किंवा वर्णानुक्रमानें व्हावयाची होती. परंतु एखाद्या गटांत धष्टपुष्ट किंवा खंगलेलीं मुलें जास्त आलीं असें वाटल्यास शिक्षकांस अदलाबदल करण्याची मुभा होती. मास्तर हाहि माणूसच ! खंगलेल्या मुलाच्या तोंडचें दूध काढून धष्टपुष्टास द्यावयाचें त्याच्या जिवावर आलें असावें. परिणाम असा झाला कीं, दूध न मिळालेलीं मुलें आरंभींच वजनानें सुमारें तीन महिन्यांच्या आणि उंचीनें चार महिन्यांच्या वाढीइतकीं पुढें निघालीं, आणि सगळी तुलना लंगडी पडली. यावर १९३१ सालीं सविस्तर टीका लिहिली, ती आमच्या 'विद्यार्थ्या'नेंच, म्हणजे गॉसेट यांनीं. त्यांचें म्हणणें असें कीं, एकसारख्या जुळ्या भावंडांच्या पन्नास जोड्या घेऊन प्रत्येक जोडींत एकासच दूध दिलें असतें, तर या वीस हजारांहून अधिक भरंवशाचें उत्तर पुष्कळ कमी खर्चांत मिळालें असतें. संख्येच्या मोठेपणापेक्षां जोडीचा नेमकेपणा श्रेष्ठ, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाहीं.

तात्पर्य, त्या दिवशीं सभेंत मीं काय म्हणावयास हवें होतें ? "वाढ योगायोगाची दिसत नाहीं. ती या तासामुळेंच झाली, हें अद्याप ठरलेलें नाहीं. पुढल्या वर्षीं नीट आखणी करून पुन्हां पाहूं, आणि तोंवर तास चालूं द्यावा." तीन वाक्यें. तीं बोलण्यास पदवी लागत नव्हती. वजाबाकीचा एक रकाना लागत होता.

हा हिशेब स्वच्छ अक्षरांत उतरवून मीं बाईंस पाठविला, आणि सोबत क्षमा मागणारें पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर आलें. रागाचा शब्दहि त्यांत नव्हता. त्यांनीं एकच विचारलें होतें : "गुरुजी, ज्याचा एक गुण कमी झाला, तो मुलगा कोण ? त्याला काय अडलें होतें, तें तेव्हां कोणी विचारलें काय ?" मीं वही पुन्हां उघडली. नांव सांपडलें, तें मी येथें सांगत नाहीं. विचारलें मात्र कोणीच नव्हतें. कसोटी सरासरी फरकाविषयीं बोलते. एकेका मुलाविषयीं ती मुकी असते. तेथून पुढचें काम शिक्षकाचें.

माझ्या शिक्षकबंधुभगिनींस एवढीच विनंति आहे : पुढच्या वेळीं गुणांची वही मिटण्यापूर्वीं वजाबाकीचा एक रकाना आंखा.